नावाचे पैसे

तात्यांच्या हिशोबाच्या वहीत मजुरी, कोकोपीट, ट्रे, डिझेल, वीजबिल अशा ओळी असतात. गेल्या आडसालीच्या हंगामापासून तीत एक नवी ओळ आली: ‘नावाचे’. जाहिरातीचा खर्च ते वेगळा लिहितात. ‘नावाचे’ म्हणजे, कुणी मोबाइलवर तात्यांच्याच नर्सरीचं नाव टाकलं तर त्याला तात्यांचीच नर्सरी सगळ्यात वर दिसावी, यासाठी भरलेले पैसे. ही विभागणी मी त्यांना शिकवलेली नाही. आमच्या धंद्यात याला ‘ब्रँड कॅम्पेन’ म्हणतात आणि मोठ्या कंपन्यांच्या अहवालात हा खर्च सगळ्यात फायदेशीर म्हणून हिरव्या रंगात दाखवलेला असतो. तात्यांनी तो डिझेलच्या खाली आणि ‘किरकोळ’च्या वर लिहिला, आणि मला विचारलं, “हे पैसे नक्की कशाचे रे?”

मी पुण्यात एका कंपनीत जाहिरातींच्या बोली लावणारं सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक होतं. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

तात्या माझे धाकटे चुलते. कळंबला, वालचंदनगरच्या अंगाला, त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. पूर्वी लोक टिपरी लावायचे. आता एक डोळा काढून ट्रेमध्ये रोप तयार करतात आणि महिनाभराचं रोप शेतात जातं. पाच फुटी सरीत दीड फुटावर लावलं तर एकरी साधारण ५,८०० रोपं लागतात. रोप अडीच रुपयांच्या आसपास, म्हणजे एकराची ऑर्डर साडेचौदा हजारांची. सगळा खर्च जाता रोपामागे तीस-चाळीस पैसे उरतात. या तीस-चाळीस पैशांतून फोन, गाडी, उधारी आणि आता सर्चवरची जाहिरात भागवायची.

साधी जाहिरात त्यांना पटली होती. ‘ऊस रोपे’ किंवा ‘ऊस रोपवाटिका’ असं कुणी शोधलं की आपली जाहिरात दिसते, त्यानं क्लिक केलं तरच पैसे जातात. एका क्लिकला दहा-बारा रुपये. वीस क्लिकमागे चार फोन, चार फोनमागे एखादी ऑर्डर. अडीचशे रुपयांत एकराचं गिऱ्हाईक, हे त्यांच्या हिशोबात बसत होतं. ज्याला आपण माहीतच नाही त्याच्यापर्यंत पोचायचे पैसे द्यायला त्यांची हरकत नव्हती. फ्लेक्सला देतोच की.

खटकलं ते वेगळंच. नर्सरीचं नाव ट्रॉलीवर लिहिलेलं असतं, लोक ते वाचतात आणि नंतर मोबाइलवर शोधतात. जुनी गिऱ्हाइकं तर दर वेळी शोधतात, कारण नंबर सेव्ह करायचा कंटाळा. एक दिवस गावातल्याच एकानं दाखवलं की तात्यांच्या नर्सरीचं नाव टाकलं की सगळ्यात वर दुसऱ्याच नर्सरीची जाहिरात येते. खाली, अंगठ्यानं थोडं सरकवल्यावर, तात्यांची. त्या दुसऱ्या मालकानं तात्यांच्या नावावर बोली लावली होती. आता वर यायचं तर तात्यांनाही स्वतःच्या नावावर बोली लावावी लागणार होती. लावली. हंगामात महिन्याला सतराशे-अठराशे रुपये जाऊ लागले. ट्रे भरणाऱ्या बायकांच्या पाच-सहा रोजांइतके. त्यात ‘गाडी निघाली का?’ एवढंच विचारायला नाव शोधून क्लिक करणारी, आधीच पैसे भरलेली गिऱ्हाइकंही आली.

हा भाव ठरतो कसा, ते समजायला आमच्याकडच्या माणसाला अडचण पडू नये. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पद्धत जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. शेजारी उभ्या असलेल्याला दुसऱ्याचा आकडा कळत नाही. सर्चमधला लिलाव तसाच झाकलेला, फक्त तो दर शोधाला नव्यानं होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. इंदापूरच्या बाजारात डाळिंबाच्या क्रेटला जसा हाळी देऊन भाव फोडतात तसा उघडा लिलाव इथे नाही.

सुरुवातीला हा लिलाव अगदी साधा होता. १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या कंपनीनं शोधशब्दांवर बोली लावायला सुरुवात केली. जो जास्त बोलेल तो वर, आणि जेवढं बोलला तेवढं द्यायचं. त्यात एक गोची झाली. वरच्याला कळलं की खालचा पन्नासवर आहे, तर तो आपली बोली शंभरावरून एकावन्नवर आणायचा. मग खालचा बावन्न करायचा. असं चढत चढत एकाला परवडेनासं झालं की तो धाडकन खाली यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर हेच, आणि ते करायला लोकांनी प्रोग्रॅम लिहिले. गूगलनं २००२ साली दोन बदल करून हा लिलाव आपलासा केला. पहिला बदल असा की वरच्यानं स्वतःच्या बोलीएवढं द्यायचं नाही, खालच्याला मागे ठेवायला लागेल एवढंच द्यायचं. दुसरा असा की नुसती बोली बघायची नाही, त्या जाहिरातीवर लोक क्लिक करण्याची शक्यताही बघायची. पडून राहणारी महागडी जाहिरात वर ठेवून दुकानदाराला काय मिळणार? क्लिक झालं तरच पैसे.

दोन्ही बदल हुशारीचे आहेत आणि मला अभियंता म्हणून ते आजही आवडतात. पण तात्यांच्या नावाच्या बाबतीत ते काय करतात बघा. खरं सूत्र बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा एवढाच: बोली गुणिले गुण. समजा, तात्यांचं नाव शोधणाऱ्याला दाखवायला त्या दुसऱ्या नर्सरीचा गुण २ आणि तात्यांचा ९. माणूस तात्यांनाच शोधतोय, त्यामुळे फरक एवढा. दुसऱ्यानं १८ रुपये बोली लावली तर त्याचे झाले ३६. तात्यांना वर राहायला ३६ भागिले ९, म्हणजे चार रुपयांहून किंचित जास्त द्यावे लागतील. आता त्यानं बोली २७ केली. त्याचे झाले ५४, आणि तात्यांचा क्लिक सहा रुपयांवर गेला. त्या माणसाच्या जाहिरातीवर एकानंही क्लिक केलं नाही तर त्याच्या खिशातून एक पैसा जात नाही. तो नुसता रांगेत उभा राहिला, आणि तात्यांचं भाडं वाढलं.

तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे बांधावर उभं राहून नुसता माझ्या विहिरीकडं बघतोय, आणि पाणीपट्टी मला?”

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नावावरच्या जाहिरातीचे आकडे नेहमी सुरेख येतात. शंभर रुपये खर्च, विक्री पाच हजारांची. एजन्सीला आवडतात, मार्केटिंगवाल्याला आवडतात, वरच्या साहेबाला तर फारच. पण ज्यानं तुमचं नाव स्वतः टाइप केलं तो तुमच्याकडेच निघालेला होता. लग्नाच्या मांडवात शिरणाऱ्यांना दारात पत्रिका वाटायच्या आणि मग सांगायचं, बघा, पत्रिका दिलेला प्रत्येक जण जेवायला आला!

याची तपासणी ईबेनं केली होती. ईबेमध्ये काम करणारे अर्थतज्ज्ञ ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांनी २०१२ साली काही सर्च इंजिनांवर ‘ईबे’ या नावावरची जाहिरात सरळ बंद करून बघितली. जाहिरातीतून येणाऱ्या लोकांपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. पुढे त्यांनी इतर शब्दांवरच्या जाहिरातीही अमेरिकेच्या काही भागांत बंद केल्या. नवख्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला, नेहमीच्यांवर जवळपास नाही, आणि खर्च मात्र बहुतेक नेहमीच्यांवरच होत होता. २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’त हा अभ्यास छापून आला. आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना माहीत आहे, आणि नावावरच्या जाहिराती तरीही जोरात चालू आहेत.

आम्हीही करून बघितलं. तीन आठवडे बंद, तीन आठवडे चालू. फोन घेणारी मुलगी प्रत्येकाला ‘नंबर कुठून मिळाला?’ विचारून वहीत लिहायची. हंगाम उतरणीला लागला होता, पाऊसही मध्येच आला, त्यामुळे आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. एवढ्या कमी फोनवर निष्कर्ष काढायचा तर सांख्यिकीच्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. पण बंदच्या तीन आठवड्यांत लासुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. रोपं पिवळी पडलीत, येऊन बघा म्हणाला. तात्या गेले. रोपं त्यांची नव्हतीच. त्यानं नाव तात्यांचं शोधलं होतं, वरच्या नंबरला फोन केला होता, आणि आलेल्या गाडीतली रोपं लावून टाकली होती. महिनाभर तो तात्यांच्या नावानं बोटं मोडत होता. तात्यांनी त्याला चुन्याची जमीन आणि लोह कमी पडणं वगैरे समजावलं, फवारणी सांगितली आणि परत आले. त्याच रात्री नावावरची जाहिरात पुन्हा चालू करायला सांगितली.

ईबेचा निष्कर्ष खोटा नाही. पण ईबेच्या नावाला फसणारा कुणी नव्हता, आणि त्याच्या वर बसायला तेव्हा कुणी आलं नव्हतं. छोट्याचं तसं नसतं. नाव जितकं लहान, तितकं ते दुसऱ्याच्या नावात मिसळायला सोपं. तात्यांच्या नर्सरीच्या नावात तर देवाचं नाव आहे, जे दर दोन गावांमागे एका दुकानाला असतं.

मग कायदा काय म्हणतो, असं मला घरात सगळ्यांनी विचारलं. गावात कॉम्प्युटरवाला म्हणजे थोडा वकीलही असतो. भारतात या प्रश्नाची पहिली मोठी लढाई लग्नांवरून झाली. भारत मॅट्रिमनी चालवणारी चेन्नईची कंपनी, मराठी मॅट्रिमनी हीही तिचीच, २००९-१०च्या सुमारास मद्रास उच्च न्यायालयात गेली. तक्रार हीच: आमचं नाव शोधलं की गूगल आमच्या स्पर्धकांच्या जाहिराती दाखवतं. २०१० साली एकल न्यायाधीशांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. ‘तमिळ’ आणि ‘मॅट्रिमनी’ हे शब्द वर्णनाचे आहेत, त्यांवर एकट्याचा हक्क कसा सांगणार? मग हीच कंपनी आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहक संस्था २०१२ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. सहा वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१८ रोजी, आयोगानं गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला. ही बातमी तेव्हा खूप गाजली. पण तो दंड कशासाठी होता हे बहुतेकांनी वाचलं नाही. तो निकालांच्या मांडणीसाठी होता, गूगलनं स्वतःच्या विमानतिकिटांच्या चौकटीला दिलेल्या जागेसाठी होता, आणि इतर साइटवर गूगलचा शोध बसवण्याच्या करारांतल्या अटीसाठी होता. जाहिरातींच्या लिलावात मात्र आयोगाला कायद्याचा भंग आढळला नाही. दोन सदस्यांचं तर बाकीच्या निष्कर्षांबाबतही वेगळं मत पडलं.

दुसरी लढाई सामान हलवणाऱ्यांची. अगरवाल पॅकर्सचं नाव शोधलं की इतर पॅकर्सच्या जाहिराती येतात, म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात खंडपीठानं म्हटलं की गूगल इथे नुसता फळा नाही, कोणता शब्द विकायचा यात त्याचा सक्रिय सहभाग आहे, आणि हा व्यापारचिन्हाचा वापरच आहे. नियमभंग झाला तर मध्यस्थाला मिळणारं संरक्षणही त्याला सांगता येणार नाही. पण त्याच निकालात हेही आहे की दुसऱ्याचं नाव बोलीसाठी वापरणं आपोआप बेकायदेशीर ठरत नाही. गिऱ्हाइकाची फसगत होत असेल तरच. चार महिन्यांनी मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉमच्या प्रकरणात न्यायालयानं हेच तत्त्व लावलं: एवढी मोठी दोन नावं, लोक कशाला गोंधळतील?

निकाल वाचताना मला लासुर्ण्याचा शेतकरी आठवत होता. मोठ्या कंपनीचं नाव लोकांना पाठ असतं, म्हणून गोंधळ होत नाही. तात्यांच्या बाबतीत गोंधळ होतो, पण तो सिद्ध करायला तात्यांनी दिल्लीला जायचं का? नाव नोंदवलेलंही नाही. नोंदवायला गेले तर देवाच्या नावावर किती हक्क मिळेल, हा पुढचा प्रश्न.

इथवर मी लिलावाबद्दल बोललो. माझं मत असं की लिलाव हा यातला दोषी नाहीच. बाजार समितीत लिलाव होतो म्हणून शेतकरी मरत नाही. लिलाव एकाच आवारात होतो आणि आवाराला एकच दार असतं, तेव्हा मरतो. हे समजायला कळंबच्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना काढला. पुढे आजूबाजूला सहकारी कारखाने उभे राहिले: भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, मग खासगीही आले. एके काळी झोनबंदी होती, तुमचा ऊस ठरलेल्या कारखान्यालाच. ती गेल्यावर काय बदललं ते आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. एकाच रस्त्यावर दोन कारखान्यांच्या टोळ्या फिरायला लागल्या की चिटबॉयचा आवाज मऊ होतो. ऊस तोच, वजनकाटा तोच, फक्त शेतकऱ्याला ‘नाहीतर तिकडं घालतो’ म्हणता येतं. आजही दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर ठेवण्याचा नियम राज्यात आहे, आणि तो कुणाच्या फायद्याचा यावर पारावर वाद होतातच.

उसात आम्ही विकणारे असतो आणि सर्चमध्ये तात्या घेणारे आहेत, हा फरक आहे. पण दोन्हीकडे प्रश्न तोच, की दुसरीकडे जाता येतं का. तात्यांना ‘नाहीतर तिकडं देतो’ म्हणायला तिकडं काही नाही. गिऱ्हाईक जिथे शोधतं तिथेच त्यांना उभं राहावं लागतं.

गिऱ्हाईक तिथेच का शोधतं, यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. गुजरातेत पाटणला जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला की सर्चमध्ये आणि सर्चमधल्या मजकुरी जाहिरातींत गूगलची मक्तेदारी आहे आणि ती बेकायदेशीर करारांनी टिकवलेली आहे. २०२० साली अमेरिकेतल्या दहातले नऊ शोध गूगलवर होत होते, मोबाइलवर तर शंभरातले सुमारे पंचाण्णव. फोन हातात घेतल्यावर आधीपासूनच गूगल बसलेलं असावं, यासाठी ॲपल, सॅमसंग, ब्राउझरवाले आणि मोबाइल कंपन्या मिळून गूगलनं २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले. म्हणजे बाजाराच्या मालकानं एसटी महामंडळाला पैसे द्यायचे, की सगळ्या गाड्या आमच्याच आवारात थांबवा. दुसऱ्या बाजाराला जायला बंदी नाही, चालत जा.

आपल्याकडेही याचा एक भाग आयोगापुढे आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात, ज्यात फोनबरोबर गूगलचं शोधयंत्र लादण्याचाही मुद्दा होता, आयोगानं १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि अपिलात तो कायम राहिला. कळंबमध्ये जवळपास प्रत्येकाच्या हातात अँड्रॉइड फोन आहे.

मेहतांच्या निकालातला जो भाग मी दोनदा वाचला तो फोनचा नाही, भावाचा आहे. सुनावणीत गूगलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं कबूल केलं की लिलावात फेरफार करून जाहिरातींचे भाव पाच टक्क्यांनी, काही शोधांसाठी दहा टक्क्यांपर्यंत वाढवले जात, आणि जाहिरातदारांना हे सांगितलं जात नसे. त्यासाठी यंत्रणेत वेगवेगळी बटणं होती. एक असं, की पहिल्या आणि दुसऱ्याचे गुण जवळ आले तर कधीकधी त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे पहिल्याला खात्रीनं वर राहायचं तर बोली आणखी वाढवावी लागेल. न्यायाधीशांचा मुद्दा एवढाच होता की स्पर्धा असलेला व्यापारी भाव वाढवताना समोरच्या दुकानाकडे बघतो, आणि इथे तसं बघायची गरज पडत नव्हती. माझ्यासारख्याला हे वाचून कसंसंच झालं. रुमालाखाली दोन बोटं दाबणाऱ्यांना वाटतं की भाव त्यांच्यात ठरतोय. तिसरा हात त्यांनी धरलेला नसतो.

२ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी उपायांचा निकाल दिला. क्रोम विकायला लावलं नाही, पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. फक्त ‘आमचंच ठेवा, दुसऱ्याचं नको’ हे करार बंद, आणि काही माहिती स्पर्धकांना द्यायची. न्यायालयाला वाटलं की उत्तर देणारी नवी यंत्रं आल्यामुळे बाजार तसाही हलतोय. असेलही. २०२४ साली गूगलचं सर्चमधून येणारं उत्पन्न १९८ अब्ज डॉलर होतं, आणि त्यात तात्यांच्या हंगामातल्या महिन्याला सतराशे रुपयांसारखी किती नावाची भाडी असतील हे वेगळं काढून कुणी छापत नाही. हे उत्पन्न येतंय तोवर त्या नव्या यंत्रांतही नावाच्या वर कोण दिसतं हे विकलं जाईल, असा माझा अंदाज आहे.

हे सगळं मी तात्यांना दिवाळीत तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांना सुचलेला उपाय सांगितला, जो अर्थशास्त्राच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात येतो. “तो माझ्या नावावर लावतो म्हणून मला लावावं लागतं. उद्या मी त्याच्या नावावर लावीन. मग दोघांचे पैसे जातील आणि गिऱ्हाईक होतं तिथंच राहील. त्यापेक्षा मी त्याला फोन करतो. तू माझ्या नावाला हात लावू नको, मी तुझ्या लावत नाही. मिटलं.”

अमेरिकेत असंच मिटवलं होतं, मी म्हणालो. कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या ‘१-८०० कॉन्टॅक्ट्स’ नावाच्या कंपनीनं २००४ पासून चौदा स्पर्धकांशी करार केले की एकमेकांच्या नावावर बोली लावायची नाही. तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ साली ते बेकायदेशीर ठरवले. २०२१ साली अपिलाच्या न्यायालयानं आयोगाचा निर्णय फिरवला. आपल्याकडच्या २००२च्या स्पर्धा कायद्यातही स्पर्धकांनी आपसांत ठरवून स्पर्धा कमी करणं बसत नाही.

“म्हणजे आम्ही भांडत राहिलो तर कायदेशीर, आणि मिटवलं तर बेकायदेशीर?”

त्यांचं हसू बघून मलाही हसू आलं, पण उलट बाजू अगदीच पोकळ नाही. समजा, गावात एखाद्या पोरानं नवी नर्सरी काढली. रोपं चांगली, भाव वीस पैशांनी कमी. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून कुणी शोधणार नाही. तात्यांचं नाव शोधणाऱ्यासमोर ‘इथंही बघा’ म्हणून उभं राहणं, हाच त्याला स्वस्तातला मार्ग. दोन जुन्या मालकांनी एकमेकांची नावं बंद केली, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं, तर शेतकऱ्याला तुलनेला काही उरणार नाही. तात्यांनी स्वतः नर्सरी काढली तेव्हा ते एका जुन्या नर्सरीच्या फाट्यावर टेम्पो लावून रोपं दाखवायचे. हे आमच्या घरात अभिमानानं सांगितलं जातं. मी ते आठवण करून दिलं. “फाटा त्याच्या बापाचा नव्हता,” तात्या म्हणाले. “सरकारी रस्ता होता. तिथं उभं राहायचे मी कुणाला पैसे दिले नाहीत, आणि त्यालाही स्वतःच्या दारात जायला द्यावे लागले नाहीत.”

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. पाच वर्षं या धंद्यात आहे, आणि मुद्दा इतक्या थोडक्यात कुणाकडून ऐकला नव्हता.

फोन त्यांनी केलाच, माझं न ऐकता. करार वगैरे काही नाही, नुसतं विचारायला, असं म्हणत. समोरचा माणूस सभ्य निघाला. त्याची जाहिरात पुण्याची एक एजन्सी बघते, कुठल्या शब्दांवर लावतात ते त्याला माहीत नव्हतं. लासुर्ण्याचा प्रकार ऐकून तो चपापला, विचारतो म्हणाला. मग थोडा थांबला आणि म्हणाला, “तात्या, तुमचा पुतण्या त्यातलाच आहे ना? त्याला जरा माझं नाव टाकून बघायला सांगा. अकलूजकडचं कोणीतरी दोन महिने झाले माझ्या वर येतंय.”